वर्षाला लाखो टन ते सेकंदाला नॅनोग्रॅम: वस्तुमान प्रवाहाची एकके बिनचूक कशी बदलायची

साखर कारखान्याची गाळप क्षमता सांगतात ५,००० टीसीडी. त्याच कारखान्यातल्या बॉयलरच्या पाटीवर असतं ७० टीपीएच. आणि त्या बॉयलरला जाणाऱ्या पाण्यातला प्राणवायू प्रयोगशाळेच्या वहीत ७ पीपीबी म्हणून नोंदवलेला असतो. आकडे एकाच आवारातले आणि एकमेकांत गुंतलेले, पण पहिला दिवसाला टनांत, दुसरा तासाला टनांत आणि तिसरा एक अब्जांशात. रसायनाचा पंप लावायला हे सगळं एका एककात आणावं लागतं.

गुणाकार-भागाकारात फारसं कुणी चुकत नाही, तो कॅल्क्युलेटर करतो. चूक होते ती हजाराची एखादी पायरी गळण्यात, वेळेचा पाया चुकीचा धरण्यात आणि ‘टन’ नेमका कोणता हे न विचारण्यात. या तीन जागा सांभाळल्या की मेगाटनापासून नॅनोग्रॅमपर्यंत कुठूनही कुठेही जाता येतं.

वस्तुमान आणि वेळ एकाच झटक्यात बदलू नका

प्रवाहाच्या एककात दोन भाग असतात: वर वस्तुमान, खाली वेळ. दोन्ही एकदम बदलायला गेलं की गोंधळ होतो. आधी फक्त वेळ बदला, मग फक्त वस्तुमान.

वस्तुमानाची उतरंड अशी आहे: मेगाटन, किलोटन, टन, किलोग्रॅम, ग्रॅम, मिलिग्रॅम, मायक्रोग्रॅम, नॅनोग्रॅम. प्रत्येक पायरी बरोबर एक हजाराची. खाली उतरताना पायरीमागे हजाराने गुणायचं, वर चढताना भागायचं. टनापासून मायक्रोग्रॅमपर्यंत चार पायऱ्या, म्हणजे बारा शून्यं. शून्यं मोजण्यापेक्षा पायऱ्या बोटांवर मोजा. ०.०००००००१३६ या आकड्यातली शून्यं मोजताना थकलेला डोळा एखादं सोडतो, पायऱ्यांच्या बाबतीत तसं होत नाही.

वेळेच्या बाजूला मात्र हजाराचा नियम नाही. तिथे ६०, ३,६००, ८६,४०० आणि वर्षासाठी ३,१५,३६,००० सेकंद येतात. हे शेवटचं ३६५ दिवसांचं वर्ष. काही पुस्तकांत ३६५.२५ दिवस धरून ३,१५,५७,६०० सेकंद घेतात. फरक एक टक्क्याच्या दहाव्या भागाहूनही कमी, तरी एका अहवालात दोन वर्षं मिसळू नका, बेरजा जुळत नाहीत.

चार अंकमाळा पाठ करा

वस्तुमानाच्या पायऱ्या हजाराच्याच असल्यामुळे रूपांतरणातले खरे अंक फक्त वेळेतून येतात, आणि वेळा आहेत चारच:

- मिनिटावरून सेकंदाला: १६.६६७. १ किलो/मिनिट = १६.६६७ ग्रॅम/सेकंद.
- तासावरून सेकंदाला: २७७.७८. १ टन/तास = २७७.७८ ग्रॅम/सेकंद, १ किलो/तास = २७७.७८ मिलिग्रॅम/सेकंद, १ ग्रॅम/तास = २७७.७८ मायक्रोग्रॅम/सेकंद.
- दिवसावरून सेकंदाला: ११.५७४. १ टन/दिवस = ११.५७४ ग्रॅम/सेकंद, १ किलो/दिवस = ११.५७४ मिलिग्रॅम/सेकंद.
- वर्षावरून सेकंदाला: ३१.७१. १ टन/वर्ष = ३१.७१ मिलिग्रॅम/सेकंद, १ ग्रॅम/वर्ष = ३१.७१ नॅनोग्रॅम/सेकंद.

तासाच्या ओळीत वस्तुमान दोन पायऱ्यांनी खाली जातं (टनाचे ग्रॅम होताना दोन पायऱ्या उतरतो, पण ३,६०० ने भागल्यामुळे त्यातली एकाहून थोडी जास्तच खर्ची पडते). वर्षाच्या ओळीत तीन पायऱ्या उतरूनही आकडा ३१.७१ वर थांबतो. हे एकदा कागदावर स्वतः करून पाहा, म्हणजे अंक घोकावे लागत नाहीत.

या मांडणीचा उपयोग दोन टोकांच्या उदाहरणांत दिसतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या दाभोळच्या एलएनजी टर्मिनलची पाटीवरची क्षमता आहे ५ एमएमटीपीए, म्हणजे वर्षाला ५० लाख टन. दुसरीकडे, शीतक वायूची गळती शोधायचे हातातले डिटेक्टर ग्रॅम/वर्ष या एककात संवेदनशीलता सांगतात. समजा गळती ५ ग्रॅम/वर्ष आहे. आता दोन्ही सेकंदावर आणा.

५० लाख टन/वर्ष: ५ × ३१.७१ = १५८.५. एकक किलो/सेकंद.
५ ग्रॅम/वर्ष: ५ × ३१.७१ = १५८.५. एकक नॅनोग्रॅम/सेकंद.

अंक तेच. मेगाटनापासून ग्रॅमपर्यंत चार पायऱ्या आणि किलोपासून नॅनोग्रॅमपर्यंतही चारच. एक प्रवाह दुसऱ्याच्या एक लाख कोटी पट असूनही गणित एकदाच करावं लागलं. म्हणून अंक एका बाजूला ठेवा, पायऱ्या दुसऱ्या बाजूला, आणि शेवटी जोडा.

वेळेचा पाया: सर्वांत महागडी चूक इथे होते

‘दिवस’ म्हणजे चोवीस तास, हे गृहीत धरू नका. आपल्याकडे साखर कारखान्यांची गाळप क्षमता अनेक कागदपत्रांत २२ तासांच्या आधारावर दिलेली असते, उरलेले दोन तास साफसफाई आणि थांबे यांचे. ५,००० टीसीडी २४ तासांवर धरलं तर २०८.३३ टन/तास, म्हणजे ५७.८७ किलो/सेकंद. २२ तासांवर धरलं तर २२७.२७ टन/तास, म्हणजे ६३.१३ किलो/सेकंद. फरक नऊ टक्क्यांचा. ऊसवाहक पट्टा, रसाचे पंप, चुन्याची मात्रा हे सगळं चालत्या मिलच्या वेगाशी बांधलेलं असतं, त्यामुळे यंत्र निवडताना २२ तासांचा आकडा लागतो आणि दिवसाचा ताळेबंद मांडताना २४ तासांचा. क्षमतेच्या कागदावर तासांचा आधार लिहिलेला नसेल तर विचारून घ्या, अंदाज बांधू नका.

वर्षाचंही तसंच. सिमेंट, पोलाद, खत अशा उद्योगांत एमटीपीए (वर्षाला दशलक्ष टन) सांगतात, पण भट्टी वर्षभर पेटती नसते. १० लाख टन/वर्ष हे ८,७६० तासांनी भागलं तर ११४.२ टन/तास येतं. ३३० दिवस, म्हणजे ७,९२० तास धरले तर १२६.३ टन/तास. फीडर ११४ च्या हिशेबाने घेतला तर वर्षाअखेरीस लक्ष्य गाठताच येणार नाही.

उलट दिशेनेही हेच होतं. समजा चिमणीतून ताशी १,५०,००० प्रमाण घनमीटर वायू जातोय आणि धूलिकण १०० मिलिग्रॅम प्रति घनमीटर आहेत. गुणाकार दीड कोटी मिलिग्रॅम/तास, दोन पायऱ्या वर चढा, १५ किलो/तास. सेकंदाला ४.१७ ग्रॅम, दिवसाला ३६० किलो. हंगाम १६० दिवसांचा असेल तर वर्षाचं उत्सर्जन ५७.६ टन. कुणी डोळे झाकून ३६५ ने गुणलं तर १३१.४ टन होतं आणि न केलेलं उत्सर्जन कारखान्याच्या नावावर चढतं.

टन कोणता?

मेट्रिक टन १,००० किलो. अमेरिकेतला शॉर्ट टन ९०७.१८४७४ किलो. जुना ब्रिटिश लाँग टन १,०१६.०४६९ किलो. अमेरिकी कंपनीच्या पत्रकात नुसता ‘टन’ असेल तर तो बहुधा शॉर्ट टन असतो, आणि मेट्रिक समजून वाचलात तर प्रवाह दहा टक्क्यांनी फुगलेला दिसतो.

‘एमटी’ ही दोन अक्षरं त्याहून घातक. आपल्याकडे बिलावर, वजनकाट्याच्या पावतीवर एमटी म्हणजे मेट्रिक टन. शास्त्रीय लिखाणात तेच अक्षर मेगाटन दाखवतं, म्हणजे दहा लाख पट. वाफेच्या अमेरिकी कागदपत्रांत पाउंडाच्या आधी एकच मोठा ‘एम’ असेल तर तो हजाराचा असतो (रोमन आकड्यातला), आणि दोन ‘एम’ म्हणजे दशलक्ष. १,००० पाउंड/तास = ४५३.६ किलो/तास = ०.१२६ किलो/सेकंद. हा एक आकडा लक्षात ठेवला की पाउंडाचं सगळं सुटतं. बॉयलर १५४ हजार पाउंड/तास असेल तर १५४ × ०.४५३६ = ६९.९ टन/तास. १५४ दशलक्ष वाचलं तर सत्तर हजार टन/तास येईल, आणि एवढी वाफ देणारा बॉयलर पृथ्वीवर नाही. असा आकडा दिसला की आधी अक्षरांकडे पाहायचं.

सूक्ष्म टोकाला मायक्रो आणि मिली यांची गल्लत होते. मायक्रोचं ग्रीक अक्षर हाताने घाईत लिहिलं की ‘एम’सारखं दिसतं आणि मात्रा हजारपट होते. रुग्णालयांत म्हणूनच औषधाच्या चिठ्ठीवर ते अक्षर टाळतात. कारखान्याच्या लॉगबुकातही पूर्ण ‘मायक्रोग्रॅम’ लिहिण्याची शिस्त लावा. तीन सेकंद जास्त जातात, एवढंच.

युरोपातल्या यंत्रांच्या पुस्तिकांत पूर्णविराम आणि स्वल्पविराम उलटे असतात: ‘१.२५०’ म्हणजे बाराशे पन्नास असू शकतं. आणि भारतीय पद्धतीत स्वल्पविराम लाख-कोटीच्या जागी पडतात, म्हणून परदेशी तक्त्यातला आकडा नकलताना स्वल्पविराम काढून टाका आणि पुन्हा आपल्या पद्धतीने द्या.

लहान बॉयलरच्या पाटीबद्दल एक सूचना, कारण इथे एकक बरोबर असूनही प्रवाह चुकतो. ‘एफ अँड ए १००’ अशी नोंद असेल तर ती क्षमता १०० अंश सेल्सियसचं पाणी १०० अंशांच्याच वाफेत बदलताना मोजलेली असते. प्रत्यक्षात पाणी ३० अंशांचं आणि वाफ १० बार दाबाची असेल, तर प्रत्येक किलोला २,२५७ ऐवजी सुमारे २,६५५ किलोज्यूल उष्णता लागते. ३ टीपीएचची पाटी असलेला बॉयलर मग खरी वाफ देतो २.५५ टन/तास.

मोठ्या प्रवाहातून लहान प्रवाहाकडे: पीपीएमचा पूल

कारखान्यात सूक्ष्म प्रवाह बहुतेक वेळा एखाद्या प्रचंड प्रवाहाच्या प्रमाणात ठरतो. त्यासाठी पीपीएम (दशलक्ष भागांत एक) अपूर्णांकात न वाचता असा वाचा:

१ टक्का = १० किलो/टन
१ पीपीएम = १ ग्रॅम/टन
१ पीपीबी = १ मिलिग्रॅम/टन

टन/तास ला याने थेट गुणलं की उत्तर ग्रॅम/तास किंवा मिलिग्रॅम/तास. शून्यं मोजायचं कामच उरत नाही.

मिल सॅनिटेशनचं उदाहरण घेऊ. रसातल्या जिवाणूंमुळे साखर फुटू नये म्हणून मिलवर जंतुनाशक सोडतात. समजा पुरवठादाराने उसाच्या वजनावर १० पीपीएम मात्रा सांगितली, गाळप २०८.३३ टन/तास (इथे मिल चोवीस तास चालते असं धरलंय).

पहिली पायरी: १० ग्रॅम/टन × २०८.३३ टन/तास = २,०८३ ग्रॅम/तास.
दुसरी: ६० ने भागून ३४.७ ग्रॅम/मिनिट.
तिसरी: पंप वजन ओळखत नाही, आकारमान ओळखतो. रसायनाची घनता १.१ असेल तर ३४.७ ÷ १.१ = ३१.६ मिलिलिटर/मिनिट.

तिसरी पायरी विसरली तर मात्रा सरळ दहा टक्क्यांनी जास्त जाते, कारण ३४.७ मिलिलिटर सोडले जातात. आणि १० पीपीएम कशावर हेही नक्की करा. उसावर आणि रसावर हे दोन वेगळे पाये आहेत.

आता पीपीबी. बॉयलर ४५ किलो दाबाचा, फीडवॉटर (बॉयलरला जाणारं पाणी) ७० टन/तास, डीएरेटरनंतर (पाण्यातले विरघळलेले वायू काढणाऱ्या टाकीनंतर) उरलेला प्राणवायू ७ पीपीबी. ७ मिलिग्रॅम/टन × ७० = ४९० मिलिग्रॅम/तास. तासाला अर्धा ग्रॅमही नाही. सेकंदावर आणलं तर १३६ मायक्रोग्रॅम/सेकंद, तर पाणी जातंय १९.४ किलो/सेकंद.

हा प्राणवायू मारायला सोडियम सल्फाइट वापरत असाल, तर प्राणवायूच्या प्रत्येक ग्रॅमला ७.८८ ग्रॅम शुद्ध सल्फाइट लागतं. ०.४९ × ७.८८ = ३.८६ ग्रॅम/तास. इथे थांबून पंप लावला तर फसाल. बॉयलरच्या पाण्यात सल्फाइटचा साठा टिकवावा लागतो, आणि ब्लोडाउनबरोबर (क्षार साठू नयेत म्हणून बॉयलरमधून सोडून दिल्या जाणाऱ्या पाण्याबरोबर) तो सतत बाहेर जातो. साठा ३० पीपीएम आणि ब्लोडाउन २ टक्के, म्हणजे १.४ टन/तास धरलं तर ३० × १.४ = ४२ ग्रॅम/तास नुसतं वाहून जातं. प्राणवायूच्या गरजेपेक्षा जवळपास अकरा पट. एकूण ४५.९ ग्रॅम/तास. म्हणजे मात्रा ठरवतो तो ब्लोडाउन. ब्लोडाउन वाढवूनही पंप तसाच ठेवला की साठा का घसरतो, त्याचं कारण या आकड्यांत आहे. (उच्च दाबाच्या बॉयलरमध्ये सल्फाइट चालत नाही, ते विघटित होऊन आम्लधर्मी वायू देतं.)

४५.९ ग्रॅम/तास कोरडं रसायन इतक्या संथपणे सोडता येत नाही. ५ टक्क्यांचं द्रावण करा: ४५.९ ÷ ०.०५ = ९१८ ग्रॅम/तास, म्हणजे १५.३ ग्रॅम/मिनिट. हा प्रवाह मोजता येतो, लावता येतो. लहान प्रवाह अचूक हवा असेल तर त्याला पातळ करून मोठा करणं हाच उत्तम उपाय आहे.

वायूंचा लहान प्रवाह

गॅस अॅनालायझर, प्रयोगशाळा इथले प्रवाह-नियंत्रक मिनिटाला प्रमाण घनसेंटिमीटर दाखवतात, त्याला एससीसीएम म्हणतात. हे दिसतं आकारमान, पण खरं तर वस्तुमान आहे, कारण तापमान-दाब ठरलेला असतो. नायट्रोजनसाठी ० अंश सेल्सियस आणि १ अॅटमॉस्फिअरवर १ एससीसीएम = १.२५ मिलिग्रॅम/मिनिट = २०.८ मायक्रोग्रॅम/सेकंद. दुसऱ्या वायूसाठी रेणुभार भागिले २८ ने गुणा: कार्बन डायऑक्साइडचा रेणुभार ४४, म्हणून १.९६ मिलिग्रॅम/मिनिट.

काही उत्पादक प्रमाण तापमान ० अंश धरतात, काही २० अंश. तेवढ्याने वस्तुमानात ७.३ टक्के फरक पडतो. नियंत्रकाच्या प्रमाणपत्रावर हे तापमान लिहिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय गुणाकार करू नका.

संगणकात आणि पीएलसीत

एक्सेलच्या कन्व्हर्ट फंक्शनमध्ये ‘टन’ दिला की ते शॉर्ट टन धरतं. मेट्रिक टनासाठी मेगाग्रॅम द्या, किंवा सरळ १,००० ने गुणा. प्रत्येक स्तंभाच्या माथ्यावर एकक लिहा, आणि मधली सगळी गणितं किलो/सेकंदात ठेवून फक्त शेवटी सोयीच्या एककात दाखवा. किलो/सेकंदाचा कक्ष दोन दशांशांवर बसवला तर १३६ मायक्रोग्रॅम/सेकंद तिथे ०.०० दिसेल. आकडा आत जिवंत असतो, पण कुणी तो पाहून हाताने नकलला की शून्य होतो.

पीएलसीतल्या (यंत्रं चालवणाऱ्या औद्योगिक संगणकातल्या) टोटलायझरचा, म्हणजे एकूण बेरीज ठेवणाऱ्या काउंटरचा, दोष अधिक खोल आहे. ३२ बिटच्या दशांश आकड्यात सुमारे सातच सार्थ अंक मावतात. पट्ट्यावरच्या वजनकाट्याने दाखवलेला प्रवाह ५७.८७ किलो/सेकंद, स्कॅन (पीएलसीची एक फेरी) १० मिलिसेकंद, म्हणजे दर स्कॅनला ०.५७८७ किलोची भर. एकूण बेरीज किलोत ठेवली, तर ८३,८८,६०८ किलोच्या पुढे त्या आकड्याची सर्वांत लहान पायरी १ किलो होते. ०.५७८७ ची भर मग १ किलो म्हणून चढते आणि काउंटर खऱ्याच्या पावणेदोन पट वेगाने धावतो. १,६७,७७,२१६ किलोवर पायरी २ किलो होते, भर निम्म्याहूनही लहान पडते आणि काउंटर जागीच थिजतो. पट्टा ऊस वाहतोय, आकडा हलत नाही, आणि सगळे सेन्सर तपासत बसतात.

उपाय साधा आहे. लहान काउंटर किलोत ठेवा. तो १,००० झाला की त्यातून १,००० वजा करा आणि पूर्णांकातल्या टनाच्या काउंटरमध्ये १ मिळवा. टनाचा काउंटर ३२ बिटचा असेल तर दोन्ही काउंटर व्यवहारात आपल्या मर्यादेबाहेर जात नाहीत.

जागेवर पडताळा

मोठ्या आकड्याचा पडताळा पोत्यांनी करा. ५,००० टन गाळप, ११ टक्के उतारा, दिवसाला ५५० टन साखर. ११.५७४ ने गुणून ६.३७ किलो/सेकंद. ५० किलोचं पोतं ७.८५ सेकंदात भरायला हवं. पॅकिंग हाउसमध्ये घड्याळ लावून पाहा. गणितात हजाराची पायरी चुकली असेल तर लगेच कळेल, कारण आठ मिलिसेकंदांत किंवा सव्वादोन तासांत एक पोतं कुणी भरत नाही.

लहान प्रवाहासाठी मोजपात्र आणि स्टॉपवॉच. ३१.६ मिलिलिटर/मिनिटचा पंप १०० मिलिलिटरच्या मोजपात्रातून चालू द्या. तीन मिनिटांत ९४.८ मिलिलिटर उतरायला हवेत. पंप ज्या दाबावर काम करतो त्याच दाबावर हे करा, मोकळ्या नळीत केलेली चाचणी जास्त प्रवाह दाखवते.

त्याहून लहान प्रवाह तराजूवर मोजा, पण वेळ आधी ठरवा. तराजू ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवत असेल आणि एक टक्का अचूकता हवी असेल, तर किमान १० ग्रॅम जमायला हवेत. ३.८६ ग्रॅम/तास या वेगाने त्याला दोन तास पस्तीस मिनिटं लागतात. १५.३ ग्रॅम/मिनिटच्या द्रावणाला चाळीस सेकंद.